वाचनालयाची जुनी मराठी यादी संगणकीकरणासाठी देण्यापूर्वी

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ग्रंथपालांचा आणि पदाधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये टाइप करून तयार असताना ती कोहामध्ये भरायला इतका वेळ का लागावा आणि त्याचे वेगळे शुल्क का असावे? कोहा ही ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाली आणि २००० साली वापरात आली. ती मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध असल्यामुळे प्रणालीसाठी आम्ही काहीही आकारत नाही. शुल्क आहे ते आपल्या यादीतील प्रत्येक मराठी नाव शोधल्यावर सापडेल, अशा स्थितीत आणून देण्याचे.

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या भागांतील वाचनालयांच्या याद्या साधारणपणे अनेक वर्षांत, निरनिराळ्या लिपिकांच्या हातून तयार झालेल्या असतात. एकाने श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-संचात काम केलेले असते, दुसऱ्याने शिवाजी फॉन्टमध्ये आणि अलीकडे रुजू झालेल्या कर्मचाऱ्याने युनिकोडमध्ये. पडद्यावर सगळे सारखेच मराठी दिसते. परंतु जुन्या फॉन्टमधील फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवण्याचे काम फॉन्ट करतो आणि कोणत्या चिन्हासाठी कोणता तुकडा, हे प्रत्येक फॉन्ट-संचाने आपापल्या परीने ठरवलेले असते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा संकेतांक आहे आणि कोहातील शोध त्यावरच चालतो.

एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत जाताना केवळ चिन्हांची अदलाबदल पुरत नाही. ‘किर्लोस्कर’ हे आडनाव जुन्या फॉन्टमध्ये जसे दिसते त्या क्रमाने साठवले जाते, म्हणजे पहिली वेलांटी ‘क’च्या आधी आणि रफार ‘लो’च्या नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी ‘क’च्या मागून येते आणि रफाराचा ‘र्’ ‘लो’च्या आधी येतो. हा क्रम बदलणारी साधने आमच्याकडे प्रत्येक फॉन्टसाठी वेगळी आहेत, म्हणूनच कोणता मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे कळणे अत्यावश्यक ठरते.

नेमकी हीच माहिती फाइल आमच्यापर्यंत येण्याआधी पुसली जाते. नव्या संगणकावर जुना फॉन्ट नसल्यामुळे यादी उघडताच इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसते; ती पाहून कोणीतरी चांगल्या हेतूने संपूर्ण पत्रक निवडतो, फॉन्ट ‘मंगल’ करतो आणि फाइल जतन करतो. गिचमीड तशीच राहते, कारण फॉन्टचे नाव बदलल्याने साठवलेली अक्षरे बदलत नाहीत. मात्र कोणत्या रकान्यात श्रीलिपी होती, कोणत्यात शिवाजी आणि कोणती पुस्तके मुळातच इंग्रजी होती, हे सांगणारी एकमेव खूण नाहीशी होते. त्यानंतर आमचे साधन इंग्रजी ग्रंथनामांनाही जुन्या फॉन्टचे मराठी समजून त्यांचे अर्थहीन देवनागरी करते. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या स्वरूपात फाइल जतन केल्यासही हेच नुकसान होते, कारण त्या स्वरूपात फॉन्टची नोंद राहतच नाही. शिवाय युनिकोडमधील मजकूर साध्या सीएसव्हीत जतन केल्यास बहुतेक वेळा मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि ती कोणालाही परत वाचता येत नाहीत. अशा यादीसाठी दाखल नोंदवही समोर ठेवून ओळीमागून ओळ तपासण्यावाचून मार्ग नसतो. आपला सर्वांत जास्त वेळ आणि पैसा इथेच जातो, आणि तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे. म्हणून आमची आग्रहाची विनंती आहे की, फाइल कितीही वाचता न येण्याजोगी दिसली तरी ती जशी आहे तशीच, शक्य असल्यास ज्या जुन्या संगणकावर ती तयार झाली तेथून प्रत काढून द्यावी.

फाइल मिळाल्यावर आम्ही थेट काम सुरू करत नाही, याबद्दल काही वेळा नाराजी व्यक्त होते. आधी थोड्या नोंदींचा नमुना रूपांतरित करून, त्याची छापील प्रत ग्रंथपालांकडून तपासून त्यावर स्वाक्षरी घेण्याची आमची पद्धत आहे. यात आठवडाभर जातो हे खरे. परंतु हजारो नोंदी कोहात गेल्यानंतर रफाराची एकच चूक सर्वत्र दुरुस्त करण्यापेक्षा तो आठवडा स्वस्त पडतो, असे आमचे ठाम मत आहे.

युनिकोडमध्ये टाइप केलेली यादीही तपासावी लागते. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वीच्या आणि नंतरच्याही अनेक फाइलींमध्ये ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले असते. ‘कऱ्हाड’मधील अर्धा ‘र’ही दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण देवघेव खिडकीवर वाचकाने एका प्रकारे शोधले आणि नोंद दुसऱ्या प्रकारची असली, तर कपाटात असलेले पुस्तक संगणकावर सापडत नाही. असे सर्व पर्याय आम्ही एकाच रूपात आणून देतो आणि ते मूळ शुल्कातच समाविष्ट आहे.

आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा रकाना एक्सेलमध्ये ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवावा, अन्यथा तेरा अंकी क्रमांक आखडून दिसतो आणि जुन्या दहा अंकी क्रमांकातील सुरुवातीचे शून्य गळते. बाद केलेल्या पुस्तकांच्या ओळी काढून टाकू नयेत. दाखल क्रमांकांची सलगता पडताळणीच्या वेळी लागते.

यादीबरोबर तिचे एखादे जुने छापील पान असल्यास अवश्य आणावे, कारण अक्षरांच्या वळणावरून फॉन्ट ओळखणे सोपे जाते. फाइलमध्ये आधीच फॉन्ट बदललेला असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. नमुन्याचे रूपांतर विनामूल्य आहे, आणि ते पाहून काम पुढे द्यायचे की नाही, हे आपल्या कार्यकारी मंडळाने ठरवावे. काम आमच्याकडे दिल्यास पुढील नोंदी थेट युनिकोडमध्ये करता याव्यात यासाठी आपल्या कर्मचाऱ्यांना इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळफलकाचे प्रशिक्षण आम्ही आपल्याच वाचनालयात येऊन देतो.