दिनपरीक्षण

दिवसातून एकदा किंवा दोनदा, साधारण पंधरा मिनिटे, देवाच्या सान्निध्यात बसून सरलेला दिवस पुन्हा डोळ्यांखालून घालण्याची ख्रिस्ती साधना. 'एक्झामेन' या लॅटिन नावानेही ती ओळखली जाते. तिला आजचे रूप सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी दिले आणि त्यांनी स्थापन केलेल्या येशूसंघाने (जेझुइट धर्मसंघाने) ती जगभर नेली. उपवास, जपमाळ, बायबलवाचन, मौन, दानधर्म या इतर साधनांच्या मानाने हिला फारच थोडे लागते. चर्च लागत नाही, पुस्तक लागत नाही, पाठ केलेले शब्दही लागत नाहीत. प्रपंचात बुडालेल्या माणसाला रोज जमेल अशी साधना कोणती, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने दिलेले हे सर्वांत थेट उत्तर आहे. तरीही पुष्कळ कॅथलिक घरांत ती केवळ पापकबुलीच्या, म्हणजे धर्मगुरूसमोर पापे सांगण्याच्या, आधी करायची उजळणी म्हणूनच माहीत असते. तिथे तिचा अर्धा जीव हरवतो, कारण तिचा आरंभ चुका शोधण्याने होत नाही. तो आभाराने होतो.

पूर्वपीठिका

रात्री स्वतःचा झाडा घेण्याची रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने आपला नेम लिहून ठेवला आहे: दिवा बाजूला नेला, ही सवय ठाऊक असलेली बायको गप्प झाली, की तो दिवसभराचे आपले बोलणे-वागणे तपासायला बसे आणि स्वतःपासून काही लपवत नसे. बायबलमध्येही हा सूर आहे. चौथे स्तोत्र अंथरुणावर पडल्यापडल्या मनाशी बोलायला आणि स्तब्ध राहायला सांगते. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात भक्त देवालाच आपले अंतःकरण तपासून पाहायची विनंती करतो. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे सांगतो.

सेनेका आणि स्तोत्रकर्ता यांच्यात एक मोठा फरक आहे. सेनेका स्वतःच्या न्यायासनासमोर उभा राहतो, तर स्तोत्रकर्ता दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखाली बसतो आणि त्या नजरेवर त्याचा भरवसा असतो. ख्रिस्ती परीक्षण या दुसऱ्या वाटेने वाढले. मठवासी ते रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेला जोडत. सामान्य माणसाला मात्र ते मुख्यतः पापकबुलीच्या तयारीतून भेटले. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, वर्षातून एकदा तरी पापकबुली सक्तीची केली, आणि त्यानंतर पापांच्या प्रश्नावल्यांचा युरोपभर प्रसार झाला.

इग्नेशियस यांचा अनुभव

इग्नेशियस (१४९१–१५५६) हे स्पेनमधील बास्क प्रांतातल्या लोयोला घराण्यातले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. घरी अंथरुणाला खिळले असताना त्यांना शूर सरदारांच्या प्रेमकथा वाचायच्या होत्या, पण वाड्यात त्या नव्हत्या. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. वाचता वाचता मधल्या वेळात ते दिवास्वप्नांत रमत: कधी एखाद्या थोर स्त्रीसाठी पराक्रम गाजवण्याच्या, कधी संतांसारखे अनवाणी जेरुसलेमला जाण्याच्या. दोन्ही स्वप्ने त्या वेळी गोडच लागत. पहिले ओसरले की मन कोरडे, खट्टू होई. दुसरे ओसरल्यावरही आनंद टिकून राही. कितीतरी दिवस हा फरक त्यांच्या लक्षातच आला नाही. एके दिवशी आला, आणि विचार मनात मागे काय ठेवून जातो ते पाहून तो कुठून आला हे ओळखायचे, हा त्यांच्या सगळ्या शिकवणीचा गाभा तिथे तयार झाला.

पुढे १५२२–२३ मध्ये मानरेसा या गावी राहताना त्यांनी परीक्षणाची काळी बाजूही भोगली. जुनी पापे नीट कबूल केली की नाही या शंकेने त्यांना पछाडले. त्यांनी सगळे लिहून काढले, पुन्हा पुन्हा कबुली दिली, तरी शंका संपेना. राहत्या खोलीतल्या भगदाडातून उडी घ्यावी असेही मनात येऊ लागले. शेवटी, मागची पापे पुन्हा कधीही उगाळायची नाहीत असा निश्चय त्यांनी केला आणि सुटले. स्वतःला तपासण्याची पद्धत शिकवणारा हा गुरू त्याच तपासणीने मरणाच्या दारापर्यंत गेलेला होता, हे ध्यानात ठेवले तर त्यांनी आभाराला पहिली जागा का दिली ते कळते.

१५२६–२७ मध्ये आल्काला येथे विद्यार्थी असताना त्यांनी ही साधना गावातल्या साध्या माणसांना शिकवायला घेतली. त्यांत स्त्रिया बऱ्याच होत्या. धर्मशास्त्राची पदवी नसलेला, अंगावर जाडाभरडा झगा घातलेला हा माणूस बायकांना जमवून काय सांगतो, याची चर्च-अधिकाऱ्यांनी चौकशी केली. साक्षींतून बाहेर आले ते असे: दिवसातून दोनदा स्वतःचे परीक्षण करा, वरचेवर पापकबुली द्या, प्रभुभोजन घ्या, प्रार्थना करा. इग्नेशियस बेचाळीस दिवस कैदेत राहिले. सुटकेच्या वेळी आज्ञा झाली की इतर विद्यार्थ्यांसारखा पोशाख करावा आणि चार वर्षे अभ्यास होईपर्यंत श्रद्धेच्या विषयांवर बोलू नये. दिनपरीक्षण ही संन्याशांची मिरास नव्हे, हे या खटल्याच्या कागदांइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

पद्धत

'आध्यात्मिक साधना' या त्यांच्या मार्गदर्शिकेला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. तीत परीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत. आधी मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानायचे. मग आपली पापे ओळखून ती दूर करण्याची कृपा मागायची. तिसऱ्या पायरीला उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने तपासायचा, विचार, मग शब्द, मग कृती या क्रमाने. चौथी पायरी क्षमा मागण्याची. शेवटी देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय आणि प्रभूची प्रार्थना.

वाचायला हे कोरडे वाटते, म्हणून एक दिवस घेऊन पाहू. समजा वसईत राहणारी एक नोकरदार बाई रात्री भांडी आवरून खुर्चीत बसली आहे. आभार मानायचे म्हणजे 'सगळ्याबद्दल धन्यवाद' असे घाऊक नव्हे. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये एका अनोळखी मुलीने सरकून चौथी सीट दिली, ती आठवायची. ताप उतरलेल्या धाकट्याने पोटभर भात खाल्ला, तोही आठवायचा. मग प्रकाश मागून दिवस उलगडायचा. सातला डब्यावरून सासूबाईंना तोडून बोलली. अकराला फाइल आपल्याकडेच पडून असताना साहेबांना 'अजून वरून आलेली नाही' म्हणाली. तीनला मैत्रिणीचा फोन आला तेव्हा कामे बाजूला ठेवून वीस मिनिटे तिचे रडणे ऐकले, आणि त्यानंतर कितीतरी वेळ मन हलके होते. पाप फक्त दुसऱ्या प्रसंगात आहे असे वाटेल, पण या साधनेत तिसऱ्या प्रसंगाचे वजन तितकेच आहे. देव त्या दिवशी कुठे भेटला त्याची खूण तिथे आहे. फाइलच्या खोटेपणाची क्षमा मागायची, आणि उद्याचा निश्चय नेमका करायचा: साहेबांना सकाळीच खरे सांगायचे. 'चांगली वागेन' हा निश्चय नव्हे.

या सामान्य परीक्षणाच्या जोडीला इग्नेशियस यांनी एक 'विशेष परीक्षण' सांगितले आहे, ते एकाच दोषासाठी. सकाळी उठताना तो दोष टाळण्याचा निर्धार करायचा. दुपारच्या जेवणानंतर तास-तास आठवून किती वेळा घसरलो ते मोजायचे आणि कागदावरच्या रेघेवर तितके ठिपके द्यायचे. रात्री जेवणानंतर दुसऱ्या रेघेवर तेच. रेघांच्या सात जोड्या, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. रविवारची मोठी, पुढच्या आखूड होत जाणाऱ्या, कारण ठिपके कमी होत जावेत ही अपेक्षा. मग दिवसाशी दिवस आणि आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा. दिवसभरात त्या दोषात पडलो की लगेच छातीवर हात ठेवायचा. हे चारचौघांतही करता येते, कुणाच्या लक्षात येत नाही, असे त्यांनी आवर्जून लिहिले आहे. बाजारात, कचेरीत, पंगतीत वावरणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता हे या एका सूचनेवरून दिसते.

मोबाइलमधल्या सवयी नोंदवणाऱ्या ॲपशी याचे बाह्य साम्य आहे. फरक असा की ॲपमधला आकडा माणूस स्वतःलाच दाखवतो. इथे ठिपके वाढले तरी ते क्षमा करणाऱ्यासमोर ठेवायचे असतात.

आक्षेप

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचे प्रवर्तक मार्टिन लूथर स्वतः मठात असताना पापांच्या मोजदादीने हैराण झालेले होते. लूथरपंथीयांच्या १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात म्हटले आहे की पापकबुलीत एकूण एक पाप मोजून सांगण्याची गरज नाही, कारण आपल्या सगळ्या चुका ओळखणे माणसाला शक्यच नाही. आधार एकोणिसाव्या स्तोत्राचा. याउलट कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये कसून आत्मपरीक्षण करून प्रत्येक गंभीर पाप कबूल करावे असे ठरवले. दोन्ही बाजूंना आपापला धोका आहे. मोजदाद केली की माणूस स्वतःतच अडकतो. मुळीच केली नाही तर पश्चात्ताप मोघम राहतो. प्रॉटेस्टंट पंथांनीही परीक्षण सोडून दिले नाही. प्युरिटन या कडक शिस्तीच्या इंग्रज प्रॉटेस्टंटांच्या रोजनिशा त्याने भरलेल्या आहेत, आणि मेथॉडिझम या प्रॉटेस्टंट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) ऑक्सफर्डच्या काळात आपल्या दिवसाची तासागणिक नोंद ठेवत. साधनेने देवाची मर्जी कमावता येत नाही, ती कृपेला जागा करून देते, यावर दोन्ही परंपरांतले जाणते लोक एकमताचे आहेत.

प्रसार

येशूसंघाला २७ सप्टेंबर १५४० रोजी पोपची मान्यता मिळाली. संघाच्या घटनेने विद्यार्थिदशेतील सदस्यांना दिवसातून दोनदा परीक्षण बंधनकारक केले. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले, आणि त्यांच्यामागून आलेल्या येशूसंघीयांबरोबर ही रीत कोकणपट्टीत आली. गोव्यातील राचोल येथे १६१६ मध्ये छापले गेलेले मराठी 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे याच संघाचे. वसईच्या किल्ल्यातही येशूसंघाच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. प्रापंचिकांत मात्र इथे जपमाळेची प्रार्थना जास्त रुजली. वसई-गोव्याच्या घरांत संध्याकाळी सगळे कुटुंब क्रुसासमोर एकत्र बसते, आणि परीक्षणाची सवय असलेली माणसे नंतर तिथेच थोडा वेळ गप्प बसून राहतात. अहमदनगर भागातल्या प्रॉटेस्टंट घरांत रात्रीची कौटुंबिक उपासना असते. वचनवाचन, नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) एखादे पद, मग प्रार्थना. तिच्यातही दिवसाचे आभार आणि क्षमायाचना असतेच, नाव वेगळे नसले तरी.

विसाव्या शतकात या साधनेला नवा अर्थ मिळाला. १९७२ मध्ये अमेरिकन येशूसंघीय जॉर्ज ॲशेनब्रेनर यांनी एका लेखात मांडले की परीक्षणाचा भर नीतीच्या हिशेबावर नसून देव आपल्याला दिवसभर कसा ओढतो आणि आपण कसा प्रतिसाद देतो हे ओळखण्यावर असावा. हा विचार झपाट्याने पसरला आणि आज बहुतेक ठिकाणी परीक्षण याच वळणाने शिकवले जाते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या एका प्रेरितिक पत्रात सर्व ख्रिस्ती जनांना दररोजचे प्रामाणिक परीक्षण न चुकवण्याची विनंती केली. चर्चबाहेरही एक समांतर वाट आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या चळवळीच्या बारा पायऱ्यांपैकी दहावी पायरी रोज स्वतःचा आढावा घेऊन चूक लगेच कबूल करण्याची आहे. फादर एड डाउलिंग या येशूसंघीयांना या पायऱ्या आणि इग्नेशियस यांची साधना यांतले साम्य जाणवले, आणि १९४० मध्ये ते चळवळीचे सहसंस्थापक बिल विल्सन यांना मुद्दाम जाऊन भेटले.

पथ्ये

वेळ थोडा आणि ठरलेला असावा. लांबवलेले परीक्षण बहुधा स्वतःशी चाललेले भांडण होते. दमलेल्या माणसाने झोपायच्या आधी न करता संध्याकाळी घरी परतताना, गाडीत किंवा चालताना करावे. काही जण जोडीदाराबरोबर करतात. तेव्हा प्रत्येकाने फक्त आपलाच दिवस बोलावा. लिहून ठेवणे उपयोगी पडते, पण सक्तीचे नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची भरपाई करू नये.

पापाच्या शंकांनी सतत छळलेल्या व्यक्तीला अनुभवी मार्गदर्शक हे परीक्षण काही काळ थांबवायला किंवा फक्त पहिल्या पायरीपुरते, म्हणजे आभारापुरते, ठेवायला सांगतात. तीच शंका परत परत येत असेल, कबुली देऊनही क्षणभर समाधान मिळत नसेल, तर धर्मगुरूबरोबरच मनोविकारतज्ज्ञालाही भेटावे.