बिबट्याच्या पिल्लाची वाढ (नाशिकचा ऊसपट्टा)

नाशिक जिल्ह्यात गोदावरी, दारणा, कादवा या नद्यांकाठच्या उसात जन्मलेले बिबट्याचे पिल्लू आईपासून वेगळे होईपर्यंतचा, साधारण दीड ते दोन वर्षांचा काळ. मळ्यातली माणसे बिबट्याला सरसकट ‘वाघ’च म्हणतात.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की १६ ते १८ महिने उभा राहतो. पिल्लाला शिकार शिकून मोकळे व्हायलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात. पण मादी काही उसाची लागण बघून वीत नाही. ती वर्षात केव्हाही विते. दिवाळीच्या आगेमागे तोड सुरू झाली, की डोळेही न उघडलेली पिल्ले पाचटात सापडतात ती म्हणूनच.

गर्भकाळ ९० ते १०५ दिवसांचा. बहुधा दोन पिल्ले, कधी एक वा तीन. जन्मतः वजन अर्धा ते एक किलो. डोळे आठ-दहा दिवसांत उघडतात, तेव्हा ते निळसर असतात. केस दाट, काळपट. ठिपके इतके जवळ की नीट उमटत नाहीत. त्यामुळे वाघाटीची (ठिपकेदार छोट्या रानमांजराची) पिल्लेही ‘बिबट्याची’ म्हणून गावभर मोबाइलवर फिरतात.

शिकारीला गेलेली मादी कित्येक तास परतत नाही. तेवढ्यावर पिल्लाला ‘अनाथ’ ठरवणे घाईचे आहे. वनविभागाची माणसे पिल्ले तपासून, दिवस कलला की सापडली त्याच सरीत ठेवतात. भांडे म्हणून बहुतेकदा प्लास्टिकचे क्रेट, टोमॅटो भरतात तसलेच. समोर कॅमेरा लावून सगळे लांब जातात. अंधारात मादी येते, बराच वेळ हुंगते, क्रेट कलंडवते आणि एकेकाला मानेला धरून दुसऱ्या उसात नेते. पहिल्या रात्री आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात.

सहा-आठ आठवड्यांची पिल्ले आईमागे चालू लागतात आणि मांस चाखतात. तीन महिन्यांच्या सुमारास दूध सुटते. सराव उंदीर-बेडकांवर, पुढे कोंबडी, कुत्रा, शेळी. शेजारच्या अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. कुत्री वस्तीभोवतीच, तेव्हा माणसाच्या उठण्याझोपण्याच्या वेळा चुकवणे हाही शिकवणीचाच भाग.

आई पुन्हा गाभण राहिली, की मोठे पिल्लू वेगळे होते. लेक बहुधा आईच्या हद्दीलगत राहते; नराला दूर जावे लागते. दोन-अडीच वर्षांत मादी विण्याजोगी होते. पूर्ण वाढलेला नर ५० ते ७० किलोंचा, मादी बरीच हलकी. नव्या मुलखात फिरणाऱ्या या तरण्या नरांना महामार्गावरची वाहने आणि कठडा नसलेल्या विहिरी नडतात. विहिरीत पडलेल्याला आधी दोराने बाज सोडतात. दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो, मग पिंजरा खाली जातो.