संशयास्पद वर्तनाची माहिती देणाऱ्या विमानप्रवाशांचे कायदेशीर संरक्षण

विमानात, विमानतळावर किंवा अन्य सार्वजनिक प्रवासी वाहतुकीत एखाद्याचे वर्तन धोकादायक वाटल्यास ते सद्भावाने अधिकाऱ्यांना कळविणाऱ्या व्यक्तीवर नुकसानभरपाईचा दावा चालू नये, यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संघीय कायद्यात केलेली तरतूद. ही तरतूद २००७ च्या ९/११ आयोग (११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांची चौकशी करणारा आयोग) शिफारस-अंमलबजावणी अधिनियमाच्या कलम १२०६ मध्ये असून संघीय विधिसंहितेत ती शीर्षक ६, कलम ११०४ येथे आढळते. संरक्षण फक्त दिवाणी दायित्वापुरते आहे. खोटी माहिती देण्याबद्दलचे फौजदारी कायदे स्वतंत्रपणे लागू राहतात.

उगम : या तरतुदीचे मूळ कोठे शोधावे याविषयी मतभेद आहेत. प्रचलित मतानुसार ती २००६ च्या मिनियापोलिस प्रकरणातून, म्हणजे सहा इमामांना विमानातून उतरविल्याच्या पुढे वर्णिलेल्या घटनेतून, जन्मली. तात्कालिक कारण म्हणून हे बरोबर आहे; कायद्यातील संकल्पना मात्र त्याहून जुन्या आहेत. अँग्लो-अमेरिकन न्यायपरंपरेत पोलिसांना सद्भावाने दिलेल्या माहितीला अब्रुनुकसानीच्या दाव्यात मर्यादित विशेषाधिकार (दायित्वापासून सशर्त सूट) मिळत आला आहे आणि दुष्ट हेतू सिद्ध झाल्यास तो गळून पडतो. राज्याराज्यांत त्याची व्याप्ती वेगवेगळी होती. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो निरपेक्ष ठरविला, तर २०२० च्या दुरुस्तीने जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती त्यातून वगळण्यात आली. अशा असमान पार्श्वभूमीवर एकसारख्या संघीय नियमाची गरज भासणे स्वाभाविक होते.

दुसरा धागा बँकिंग कायद्याचा आहे. कायद्याच्या संभाव्य उल्लंघनाशी संबंधित संशयास्पद व्यवहार कळविणाऱ्या बँकांना १९९२ च्या काळा पैसाविरोधी कायद्याने दाव्यांपासून अभय दिले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर संमत झालेल्या विमान व वाहतूक सुरक्षा अधिनियमाने (१९ नोव्हेंबर २००१) विमान कंपन्या व त्यांचे कर्मचारी यांना असेच संरक्षण दिले (शीर्षक ४९, कलम ४४९४१). त्याची शब्दरचना बँकिंग कलमाच्या इतकी जवळ आहे की, ती तेथून घेतली असावी असे मानण्यास सबळ आधार आहे. ‘व्यवहार’ हा बँकेच्या खातेवहीत शोभणारा शब्द २००७ च्या प्रवासीविषयक कलमातही टिकून राहिला. त्यामुळे कलम १२०६ हे मिनियापोलिस प्रकरणाचे अपत्य मानण्यापेक्षा २००१ च्या तरतुदीचा प्रवाशांपर्यंत झालेला विस्तार मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

मिनियापोलिस प्रकरण : २० नोव्हेंबर २००६ रोजी मिनियापोलिसहून फीनिक्सला निघालेल्या यूएस एअरवेजच्या विमानातून सहा इमामांना उतरविण्यात आले. प्रतीक्षाकक्षातील त्यांची नमाज, विमानात विखुरलेली आसने, आसनपट्टा लांबविण्यासाठी मागितलेली जोडपट्टी आणि त्यांचे अरबीतील संभाषण यांवरून प्रवासी व कर्मचाऱ्यांनी संशय व्यक्त केला होता. एका प्रवाशाने तशी चिठ्ठीही कर्मचाऱ्याकडे दिली. ताब्यात घेऊन केलेल्या चौकशीनंतर इमामांना सोडण्यात आले व त्यांच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. मार्च २००७ मध्ये त्यांनी विमान कंपनी व विमानतळ आयोग यांच्याविरुद्ध दावा लावला. त्यात माहिती देणाऱ्या अनोळखी प्रवाशांनाही ‘जॉन डो’ या अमेरिकी न्यायालयांत रूढ असलेल्या सांकेतिक नावाने प्रतिवादी करण्यात आले. या एका तपशिलाने देशभर वाद पेटला. सामान्य प्रवाशाला वकिलाचा खर्च सोसावा लागणार असेल, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल, असे एका बाजूचे म्हणणे होते; प्रार्थना करणे व आपली भाषा बोलणे हाच संशयाचा आधार ठरला तर एका संपूर्ण समाजाला प्रवास नकोसा होईल, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही भीती खऱ्या होत्या आणि दोहोंकडे पाहिल्याशिवाय पुढील कायद्यातील अटी समजत नाहीत.

विधिमंडळातील प्रवास : प्रतिनिधिगृहातील न्यूयॉर्कचे सदस्य पीटर किंग यांनी रेल्वे व सार्वजनिक वाहतूक सुरक्षा विधेयकाच्या चर्चेत मांडलेली सूचना २७ मार्च २००७ रोजी ३०४ विरुद्ध १२१ मतांनी मान्य झाली. सिनेटमध्ये सूझन कॉलिन्स व जोसेफ लीबरमन यांनी पुढाकार घेतला. तेथे जुलैमध्ये एका शैक्षणिक विधेयकाला जोडलेल्या दुरुस्तीस ५७ विरुद्ध ३९ मते पडूनही आवश्यक ६० चा आकडा गाठता आला नाही. अखेर दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत ती ९/११ आयोगविषयक विधेयकात आली आणि ३ ऑगस्ट २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची त्यावर स्वाक्षरी झाली. तरतूद १ ऑक्टोबर २००६ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आली. नोव्हेंबरमधील घटना तिच्या कक्षेत आणणे हाच या तारखेमागील हेतू असावा. त्याच ऑगस्टमध्ये वादींनी अनोळखी प्रवाशांविरुद्धची मागणी सोडून दिली.

स्वरूप : संरक्षण मिळण्यासाठी माहिती स्वेच्छेने, सद्भावाने आणि वस्तुनिष्ठदृष्ट्या वाजवी संशयाच्या आधारे दिलेली असावी लागते. ती प्राधिकृत अधिकाऱ्याला दिलेली असावी. या संज्ञेत पोलीस व संबंधित संघीय खात्यांच्या अधिकाऱ्यांबरोबर वाहतूक व्यवस्थेचे कर्मचारीही येतात. म्हणून केबिन कर्मचाऱ्याला हळूच सांगणे पुरेसे ठरते, पण सहप्रवाशांत कुजबुज करणे किंवा समाजमाध्यमावर छायाचित्र टाकणे यांना हे कवच मिळत नाही. माहिती खोटी असल्याचे देणाऱ्याला ठाऊक असेल किंवा सत्याची बेफिकीरपणे उपेक्षा केलेली असेल, तर संरक्षण संपते. उलट, संरक्षणास पात्र ठरलेल्या प्रतिवादीला वकिलाचा वाजवी खर्च वादीकडून वसूल करता येतो. माहिती देण्याचे कर्तव्य मात्र हे कलम लादत नाही.

२००१ च्या कलमाशी तुलना केल्यास एक लक्षणीय फरक दिसतो. विमान कंपनीचे संरक्षण केवळ खोटेपणाची जाणीव किंवा बेफिकिरी सिद्ध झाल्यास जाते. प्रवाशाला त्याशिवाय आपला संशय वाजवी होता या कसोटीलाही उतरावे लागते. प्रशिक्षित कर्मचाऱ्यापेक्षा अप्रशिक्षित प्रवाशाला कडक निकष लावणे वरवर विसंगत वाटते. परंतु धर्म किंवा वेश यांपलीकडे ज्याला काही सांगता येत नाही, अशा संशयाला रोखणारी कलमातील प्रमुख अट हीच आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये.

न्यायालयीन अन्वयार्थ : विमान कंपनीच्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निर्णय एअर विस्कॉन्सिन खटल्यात २७ जानेवारी २०१४ रोजी आला. उड्डाणाच्या सराव-यंत्रावरील (सिम्युलेटर) चाचणीत अनुत्तीर्ण होऊन संतापलेला एक वैमानिक सशस्त्र असू शकतो व त्याची मानसिक स्थिती चिंताजनक आहे, असे कंपनीने सुरक्षा यंत्रणेला कळविले होते. कोलोरॅडोतील ज्यूरीने वैमानिकाच्या बाजूने कौल दिला व राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. न्या. सोनिया सोटोमायोर यांच्या निकालपत्राने तो फिरविला. माहितीतील चूक मूलभूत महत्त्वाची असल्याशिवाय, म्हणजे वाजवी सुरक्षा अधिकाऱ्याने त्या चुकीला आपली कृती ठरविताना महत्त्व दिले असते अशी दाट शक्यता असल्याशिवाय, संरक्षण हिरावता येत नाही, हे तत्त्व त्यात मांडले आहे. तत्त्वाबाबत न्यायाधीशांत एकमत होते; ते प्रस्तुत तथ्यांना लावण्याबाबत तिघे वेगळ्या मताचे होते. शब्दरचनेतील साम्यामुळे हेच तत्त्व प्रवाशांच्या कलमालाही लावावे, हा युक्तिवाद ग्राह्य वाटतो. कलम १२०६ वरील न्यायनिर्णय तुलनेने थोडे आहेत.

माहिती देणाऱ्याचे संरक्षण म्हणजे पुढील कारवाईचे समर्थन नव्हे, हे मिनियापोलिस खटल्याच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. जुलै २००९ मध्ये संघीय जिल्हा न्यायाधीश अ‍ॅन माँटगोमेरी यांनी अटकेला पुरेसा आधार नव्हता असे म्हणत खटला पुढे चालू ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. सुरक्षेला धोका वाटणाऱ्या प्रवाशाला नेण्यास नकार देण्याचा कंपनीचा अधिकार (शीर्षक ४९, कलम ४४९०२) मनमानी वापरास मुभा देत नाही, असे न्यायालये १९७५ पासून सांगत आली आहेत. वंश, धर्म वा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास विमान कंपन्यांना स्वतंत्र मनाई आहे.

संबंधित तरतुदी : प्रत्यक्ष हिंसा रोखण्यासाठी विमानात हस्तक्षेप करणाऱ्या व्यक्तीला २००१ च्या अधिनियमाने वेगळे संरक्षण दिले आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर विमानातील गुन्हे व गैरकृत्यांविषयीच्या १९६३ च्या टोकिओ कराराचा अनुच्छेद १० हा करारानुसार कृती करणाऱ्या वैमानिक, कर्मचारी व प्रवासी यांना दायित्वातून मुक्त करतो. तथापि त्याचा भर कृतीवर आहे, माहिती देण्यावर नाही. कलम १२०६ चे संरक्षण वाहतुकीबाहेरील दहशतवादविषयक माहितीलाही लागू करण्यासाठी २०११ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये (संघीय विधिमंडळात) विधेयक मांडण्यात आले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.