उच्चार वेगळा, बोली वेगळी

बर्नार्ड शॉचे नाटक ‘पिग्मॅलियन’ किंवा पु. ल. देशपांडे यांनी केलेले त्याचे रूपांतर ‘ती फुलराणी’ गोव्यात कोणी बसवायला घेतले, की पहिल्याच वाचनाला एक सूचना हमखास कानांवर पडते: ‘तिची बोली दाखवायची आहे, तेव्हा उच्चार बिघडव.’ मग नायिका ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘शाळा’चे ‘साळा’ करते आणि बोलीचे काम झाले असे सगळे मानतात. ही गल्लत मी इतक्या तालमींत पाहिली आहे की आता ती लिहूनच काढलेली बरी.

उच्चारांबद्दल नटांना फारसे सांगावे लागत नाही. ण-न, श-स, वाक्याच्या शेवटी येणारा हेल हे सारे कानाला लगेच कळते आणि सरावाने बदलते. बोली मात्र ध्वनींपुरती नसते. तिला स्वतःचे व्याकरण असते, शब्द असतात आणि चारचौघांत कशाविषयी बोलायचे याचे संकेतही असतात. शॉने फुले विकणाऱ्या नायिकेचे, एलायझाचे, उच्चार सुरुवातीच्या काही वाक्यांत अक्षरांनी दाखवण्याचा प्रयत्न केला आणि लंडनबाहेर ते कोणाला समजणार नाही म्हणून तिथेच सोडून दिला. पुढे स्पेलिंग बहुतेक साधेच आहे, पण तिचे व्याकरण आणि शब्द पुढेही संहितेत आहेत. म्हणजे उच्चार नटीने आणायचे असतात, बोली लेखकाने आधीच दिलेली असते.

खरी कसोटी तिसऱ्या अंकात लागते. तिला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या ध्वनिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या, हिगिन्सच्या, आईकडे आलेली एलायझा प्रत्येक ध्वनी निर्दोष उच्चारते, हवामानावर पढवलेले वाक्य म्हणते आणि त्याच नितळ स्वरात मावशीच्या मृत्यूकडे वळते. मावशीची नवी हॅट ज्यांनी ढापली त्यांनीच तिला खलास केले, असा तिचा ठाम दावा असतो. ध्वनी दिवाणखान्याचे आणि शब्द, व्याकरण, विषय वस्तीतले, या विसंगतीवरच तो प्रवेश उभा आहे. इथे नटीने एक जरी ‘पानी’ तोंडातून सोडले तरी प्रवेश कोसळतो, कारण प्राध्यापकाने निम्मेच काम केले आहे हे प्रेक्षकाला मग कळतच नाही. एका स्पर्धेच्या तालमीत दिग्दर्शकाने नेमके इथेच ‘थोडे गावरान कर’ म्हटले होते. तो प्रयोग पाहताना मला अतिशय वाईट वाटले.

गोव्यात या गोंधळाला आणखी एक फाटा फुटतो. नायिकेचे मराठी अशुद्ध दाखवायचे म्हणून तिच्या तोंडी कोंकणी शब्द घातले जातात. हे मला मुळीच मान्य नाही. ‘घोडो’ हा ‘घोडा’चा बिघडलेला उच्चार नाही, आणि मुलीविषयी ‘तें आयलें’ म्हणणे ही लिंगाची चूक नसून कोंकणीचा नियम आहे. घरी कोंकणी बोलणाऱ्या नटाच्या मराठीत जो हेल उतरतो तो केवळ उच्चाराचा भाग आहे. ध्वनिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या भूमिकेतून तो काढावाच लागतो, इतरांना तो खुशाल राहू द्यावा.

मी स्वतः नटीच्या प्रतीत ध्वनींवर लाल आणि शब्द-व्याकरणावर निळ्या पेन्सिलीने खुणा करून घेतो. तिसऱ्या अंकात येईपर्यंत लाल खुणा संपलेल्या असाव्या लागतात आणि निळ्या मात्र पानभर दिसल्या पाहिजेत.