'यूजिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ आली कुठून?

इंदुरात "रात्री सराफ्यात भेटू" म्हटलं की भुट्ट्याचा कीस आणि गराडू डोळ्यांसमोर येतात. ग्वाल्हेरच्या पाहुण्यांना त्यांच्याच गावात हे सांगितलं, तर ते लष्करातल्या सराफ्यात जाऊन उभे राहतील. 'इंदूरचा सराफा' म्हटलं की घोळ मिटतो. सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रोग्रॅमच्या डोक्यावर 'यूजिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ लिहितात; तिच्यातली नेमस्पेस म्हणजे हे गावाचं नाव, आणि 'एसटीडी' (स्टँडर्ड) हे त्यातलंच एक गाव.

सी++ ज्या भाषेतून निघाली, त्या सी भाषेत अशी गावंच नव्हती. त्यात १९८९च्या प्रमाणाने, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीने, हमी दिली होती ती एवढीच, की इतर फाइलींना दिसणाऱ्या नावाची पहिली ६ अक्षरं वेगळी ओळखली जातील. म्हणून लायब्ररीवाले, म्हणजे इतरांना वापरायला तयार कोड लिहून देणारे, नावाआधी शिक्का मारत; ओपनजीएल या चित्रं काढायच्या लायब्ररीची फंक्शनं 'जीएल'ने सुरू होतात ती यामुळेच.

निकलाउस विर्थ यांच्या मॉड्युला-२ या भाषेत 'फ्रॉम अमुक इम्पोर्ट तमुक' म्हणत दुसऱ्या गावातलं नाव थेट वापरायची सोय आधीच होती. सी++च्या समितीने नेमस्पेस स्वीकारली १९९३ मध्ये, आणि १९९८च्या प्रमाणात अख्खी प्रमाण लायब्ररी 'एसटीडी'त राहायला गेली. आमच्याकडे मात्र शिकवणी त्याआधीच्या टर्बो सी++वर! तिथे 'आयओस्ट्रीम डॉट एच' या हेडर फाइलचं नाव लिहिलं की पडद्यावर मजकूर छापणारा 'सीआउट' हजर. त्या निळ्या पडद्यावरून नव्या कंपायलरवर (आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमवर) आलो, तर तो 'सीआउट'ला ओळखच देईना. सर म्हणाले, वर ही ओळ टाका. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

खरं तर ही ओळ काहीच आणत नाही. हेडर आणायचं काम 'इन्क्लूड' या वेगळ्या ओळीचं; ही फक्त गावाचं नाव गाळायची मुभा देते. मुभा सरसकट दिली की सराफ्याचा घोळ परत सुरू: 'काउंट' नावाचं आपलं ग्लोबल व्हेरिएबल असेल आणि 'एसटीडी'तलाही एक 'काउंट' ज्यात आहे ते 'अल्गोरिदम' हेडर घेतलेलं असेल, तर कंपायलर विचारतो, कुठला काउंट?

जावावाल्यांना हा झटका १९९८ मध्ये बसला. जावा भाषेत गावांना पॅकेज म्हणतात. 'जावा.एडब्ल्यूटी' या पॅकेजात 'लिस्ट' होतीच, १.२ आवृत्तीत 'जावा.युटिल'मध्येही आली. दोन्ही पॅकेजं तारा (*) लावून, म्हणजे सगळ्या नावांसकट, इम्पोर्ट करणारे आणि नुसतं 'लिस्ट' लिहिणारे जुने प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, कंपाइल होईनात. हव्या त्या 'लिस्ट'चं पूर्ण नाव घेऊन इम्पोर्टची एक ओळ वाढवली की काम भागे.

सी++१७ मध्ये, म्हणजे सी++च्या २०१७च्या आवृत्तीत, 'एसटीडी'त 'बाइट' हा प्रकार आला. विंडोजच्या हेडरांत त्याच नावाचा प्रकार आधीपासून होता. ती ओळ वर लिहून ठेवणाऱ्यांना मग तोच प्रश्न आला: कुठला बाइट?