विकर निरोध

विकरावर, म्हणजेच एंझाइमवर, एखादा रेणू बसल्यामुळे त्याचे काम मंदावणे किंवा थांबणे याला विकर निरोध म्हणतात. अडवणारा रेणू तो निरोधक. बहुतेक विकरे प्रथिने असतात. अभिक्रिया सुरू होण्यासाठी लागणारी सक्रियण ऊर्जा ती कमी करतात आणि स्वतः खर्च न होता पुढच्या रेणूकडे वळतात. कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर तर सेकंदाला सुमारे १० लाख रेणूंचे रूपांतर करू शकते.

हे काम विकराच्या एका लहानशा खळग्यात, सक्रिय स्थानी, चालते. ज्या रेणूवर काम होते तो आधारद्रव्य. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये या जोडीला कुलूप-किल्लीची उपमा दिली. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलँड यांनी तिच्यात सुधारणा केली: आधारद्रव्य आले की खळगाही आपला आकार बदलतो. निरोध समजून घ्यायला मात्र जुनी उपमाच सोपी पडते, कारण सक्रिय स्थानी बसणारा निरोधक ही कुलपात शिरणारी पण न फिरणारी किल्ली असते.

अशा निरोधाला स्पर्धात्मक म्हणतात. मिथेनॉलच्या विषबाधेवरील उपचार हे त्याचे उत्तम उदाहरण. खरा घात मिथेनॉलपेक्षा त्यापासून यकृतात तयार होणारे फॉर्मिक आम्ल करते. दृष्टी जाते, प्राणही जातो. फोमेपिझोल हे औषध अल्कोहोल डिहायड्रोजनेज या विकराची जागा अडवते. मग मिथेनॉलचे आम्ल होत नाही आणि ते हळूहळू शरीराबाहेर टाकले जाते. स्पर्धात्मक निरोधात आधारद्रव्य पुरेसे वाढवले, तर निरोधक मागे हटतो. अस्पर्धात्मक निरोधक सक्रिय स्थान सोडून दुसरीकडे बसतो, म्हणून तिथे ही मात्रा चालत नाही.

काही निरोधक कायमचे चिकटतात. अॅस्पिरिन सायक्लोऑक्सिजनेज या विकराला अॅसिटिल गट जोडून निकामी करते. रक्तातील बिंबिकांना, म्हणजेच रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेटना, केंद्रक नसल्याने त्यांना नवे विकर जवळजवळ बनवता येत नाही. गोळी एकदाच घेतली, तरी त्या बिंबिकांवरील परिणाम त्यांच्या ७ ते १० दिवसांच्या उरल्या आयुष्यभर टिकतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जासंस्थेतील अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला अशीच जखडतात. प्रॅलिडॉक्सिम हे औषध वेळेत दिले तर विकर सुटू शकते. उशीर झाला की बंध पक्का होतो.

निरोध बाहेरूनच येतो असे नाही. जिवाणूंत आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल पुरेसे साठले, की ते स्वतःच्या निर्मितीसाखळीतील पहिल्या विकराला थांबवते. साठा घटला, की ते विकर पुन्हा कामाला लागते.