25 मिनिटांचा आकडा आला कुठून?

25 मिनिटं काम, 5 मिनिटं ब्रेक, असे चार राउंड झाले की मोठा ब्रेक. पोमोडोरो म्हणतात याला, ॲप्स तर ढिगाने आहेत. पण 25च का? खरं सांगायचं तर हा आकडा कुठल्या लॅबमधून आलेला नाहीये. 1980च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा इटालियन विद्यार्थी अभ्यासात मन लागेना म्हणून किचनमधला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून बसला आणि करून बघत बघत 25 वर आला, बस्स.

लॅबवाली गोष्ट त्याच्या बरीच आधीची, आणि मला विचाराल तर जास्त भारी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाचे रडारवाले तासन्‌तास स्क्रीनकडे बघत पाणबुड्या शोधायचे, आणि ठिपका समोर असूनही सुटायचा. मग नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक आकडे नसलेलं घड्याळ बनवलं, काटा दर सेकंदाला एक पाऊल सरकणार, क्वचित कधीतरी दोन, आणि तो डबल उडी मारताना दिसला की बटण दाबायचं. दोन तास हेच! (शिक्षाच म्हणा ना.) पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या चुका वाढायला लागल्या, पण अर्धा तास काम, अर्धा तास आराम असं आलटून पालटून केलं तर घसरण जवळजवळ थांबली.

आता हे झालं कंटाळवाण्या पहाऱ्याचं काम, कोडिंग किंवा लिखाण तसं नसतं, त्यामुळे तोच अर्धा तास इथे जसाच्या तसा लागू होईल असं नाही. हात चालतोय आणि टायमर वाजला तर मी तरी खुशाल दुर्लक्ष करते.

2011 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या आरिगा आणि येरास या दोघा संशोधकांनी लोकांना जवळपास 50 मिनिटं एकच काम दिलं. मध्ये दोनदा थोडा वेळ ज्यांचं लक्ष दुसरीकडे वळवलं त्यांची कामगिरी घसरली नाही, बाकीच्यांची घसरली. म्हणजे झोपायलाच पाहिजे असं नाही, डोक्यातून ते काम क्षणभर बाजूला गेलं तरी चालतं.

पण म्हणून ब्रेकमध्ये रील्स नकोत बरं का, एकदा सुरू झालं की 5 मिनिटांची कधी 40 होतात कळत नाही, आणि डोळे तेवढाच वेळ पुन्हा स्क्रीनलाच चिकटलेले. शिवाय संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलंय की काम अर्धवट सोडून दुसरीकडे गेलं की मनाचा एक तुकडा आधीच्या कामातच अडकून राहतो. यावर त्यांच्याच पुढच्या संशोधनातला उपाय अगदी सोपा आहे, उठण्याआधी कुठवर आलोय आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं हे चिठ्ठीवर लिहायचं, मग जा चहाला.